शुभेच्छुक चाळीस, चित्रकार कुणीच नाही

2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये पोरं आपल्या कोल्हापुरी चपला घालून चालली आणि कोल्हापूर पेटून उठलं. अंगठ्याची गोल पट्टी आपली, मधली वेणी आपली, चामड्याचा रंगसुद्धा आपला, आणि कंपनीच्या कागदावर नुसतंच 'लेदर सँडल'. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. तेव्हा चिडणं रास्तच होतं. महाराष्ट्र चेंबर या व्यापार-उद्योगाच्या संघटनेनं पत्र धाडलं, कंपनीनं भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली. गावात सूर एकच होता: घ्या की, पण नाव तरी घ्या!

त्या रागाची व्यंगचित्रं मोबाइलवर धो धो येत होती. त्यांतल्या कितीतरींच्या कोपऱ्यातली सही कापलेली होती. ज्यानं कापली त्याला काही वाटलं नाही, ज्यानं पुढं पाठवलं त्यालाही नाही.

चप्पल कुणा एकाची नसते. पिढ्यान्‌पिढ्या अनेक हातांनी ती घडवली, म्हणून तिच्यावर गावाचं नाव चढलं. (घडवणाऱ्यांची नावं त्या गावाच्या नावाखाली गेली ती गेलीच, पण ते दुखणं वेगळं.) चित्राचं तसं नाही. ते बहुतेक वेळा एका ठरावीक माणसानं, ठरावीक दिवशी, ठरावीक पैशात काढलेलं असतं. शोधायला गेलं तर त्याचं नाव सापडतं. मग गावाच्या नावासाठी रस्त्यावर येणारे आपण माणसाच्या नावाच्या बाबतीत इतके ढिले कसे? हा ढिलेपणा फक्त आपल्या गल्लीतला नाही, हेही सांगायला हवं. जगातल्या नामांकित म्युझियमच्या भिंतींवर तो गेली साठ वर्षं रुबाबात टांगलेला आहे.

अमेरिकन चित्रकार रॉय लिख्टेनस्टाईनचं 'व्हाम!' हे चित्र 1963 सालचं. लंडनच्या टेट गॅलरीनं ते 1966 मध्ये विकत घेतलं. दोन कॅनव्हास शेजारी शेजारी, मिळून चार मीटर रुंद. डावीकडच्या लढाऊ विमानानं रॉकेट सोडलंय, उजवीकडं शत्रूचं विमान फुटतंय, वर पिवळ्या अक्षरांत स्फोटाचा आवाज. हे दृश्य लिख्टेनस्टाईनच्या डोक्यातून निघालेलं नाही. डीसी कंपनीच्या 'ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर' या युद्धकथांच्या कॉमिकचा 89 वा अंक 1962 मध्ये निघाला, त्यातली ही चौकट. काढली होती अर्व नोविक या चित्रकारानं.

'ड्राउनिंग गर्ल' हे त्याचं दुसरं गाजलेलं चित्र, तेही 1963 चंच. आज ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याचं मूळ 'सीक्रेट हार्ट्स' या प्रेमकथांच्या कॉमिकच्या 83 व्या अंकात, चित्रकार टोनी अब्रुझ्झो. ही जोडी शेजारी ठेवून निवांत बघण्यासारखी आहे. मूळ चौकटीत मुलगी पाण्यात बुडतेय आणि मागं तिचा मित्र उलटलेल्या होडीला धरून लटकलाय. मुलगी मनात म्हणते, पायात गोळा आला तर आला, पण मालला, म्हणजे त्या मित्राला, हाक मारण्यापेक्षा बुडालेली बरी. लिख्टेनस्टाईननं काय केलं? मित्राला आणि होडीला काढून टाकलं. मालचा ब्रॅड केला. आणि पायातला गोळा खोडला. गोळा गेल्याबरोबर त्या बुडण्याला शरीराचं कारणच उरलं नाही, उरला तो निव्वळ मानभंग. होडी गेल्यामुळं लाट चारी बाजूंनी मुलीच्या अंगावर आली. चार गोष्टी वजा करून एवढा परिणाम साधणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. लिख्टेनस्टाईन नुसता नकलाकार होता असं म्हणणाऱ्यांत मी नाही. तो मोठा चित्रकार होता.

पण त्या मुलीचा चेहरा? मिटल्या पापण्यांचं वळण, कपाळावर आलेले केस, ओठांचा आकार, पाण्यावर आलेला हात, हे सगळं अब्रुझ्झोच्या हातचं आहे. लिख्टेनस्टाईन आधी कॉमिकवरून छोटं रेखाटन करायचा, ते प्रोजेक्टरनं कॅनव्हासवर मोठं पाडायचा, पेन्सिलीनं उतरवून घ्यायचा, जुळवाजुळव करायचा आणि मग भोकं पाडलेल्या जाळीतून ते प्रसिद्ध ठिपके भरायचा. ठिपके हा स्वस्त रंगीत छपाईचा नाइलाज. त्यानं त्या नाइलाजाची शैली केली, आणि ती शैली त्याच्या नावावर लागली. मूळ रेषा ज्याची होती त्याच्या नावावर काहीच लागलं नाही. म्युझियमच्या नोंदीत चित्रकार म्हणून एकच नाव असतं. 2015 मध्ये लिख्टेनस्टाईनचं 'नर्स' हे चित्र लिलावात साडेनऊ कोटी डॉलरवर गेलं. ज्या कॉमिकांतून ही चित्रं आली ती नवी असताना बारा सेंटला मिळायची.

या व्यवहाराची ठरलेली वकिली अशी: कॉमिकची चौकट हा कच्चा माल. अँडी वॉरहॉल या दुसऱ्या अमेरिकन चित्रकारानं सूपचा डबा रंगवला तसा लिख्टेनस्टाईननं कॉमिक रंगवला. बाजारातली वस्तू उचलून कलादालनात नेली आणि आपल्याला तिच्याकडं नव्यानं बघायला लावलं, हीच त्याची निर्मिती. अर्धा भाग मला मान्य आहे. नव्यानं बघायला त्यानं नक्की लावलं. पण कॉमिक हा कच्चा माल नव्हे, पक्का माल आहे. कुणीतरी माणसानं डोळे फोडून, मुदतीत, पानामागं ठरलेल्या दरानं तो पूर्ण केलेला आहे. त्याला कच्चा म्हणायची सोय एवढ्यासाठीच की एकदा कच्चा म्हटलं की पिकवणाऱ्याचं नाव विचारावं लागत नाही. सूपच्या डब्याचं लेबलसुद्धा झाडाला लागत नाही, कुणी तरी बसून ते आखलेलंच असतं.

ही वकिली आता आपल्याकडंही पोचली आहे. मध्यंतरी शहरातल्या एका प्रदर्शनात एका तरुण चित्रकाराचा मोठा कॅनव्हास बघितला. कॉमिकमधला वेताळ, म्हणजे फँटम, मोबाइलवर बोलतोय, बोटात कवटीची अंगठी, मागं रंकाळ्याचा संध्यामठ, वर फुग्यात खास कोल्हापुरी शिवी. गंमत होती, रंगांची समजही होती. मी विचारलं, "मूळ चौकट कुणाची?"

"इंद्रजाल कॉमिक्सची, सर."

"काढलेली कुणी?"

"ते कुठं लिहिलेलं असतंय?"

पोरगा उद्धट नव्हता. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता आणि त्याच्या प्रश्नात तथ्य होतं. वेताळ लिहिला ली फॉकनं, 1936 पासून. चित्रं आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय, आणि 1961 नंतर कित्येक वर्षं साय बॅरी यांची. टाइम्स समूहानं 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं तेव्हा वर्तमानपत्रातल्या पट्ट्या कापून, जुळवून, इथल्या छापखान्याच्या रंगांत त्या पुस्तिका होत. मुखपृष्ठं इथल्या चित्रकारांची. फुग्यांतलं मराठी कुणा अनुवादकाचं. आमच्या पिढीच्या तोंडी वेताळाची जी भाषा बसली ती त्या अनुवादकानं बसवली, पण त्याचं नाव आमच्यापैकी एकाला सांगता येणार नाही. एका चौकटीमागं इतके हात असतात. 'कॉमिकला लेखकच नसतो, ते कंपनीचं असतं' हा समज इथूनच येतो. हात अनेक असले म्हणून हातच नव्हते असं होत नाही. सिनेमाच्या शेवटी पाच मिनिटं नावं सरकत असतात, स्पॉटबॉयसकट. कॉमिकची गोष्ट आली की आपण एकदम वेदान्ती होतो, कर्ता कोण आणि करविता कोण!

कॉमिकच्या धंद्यानं स्वतःच्या माणसांना फार बरं वागवलं अशातला भाग नाही. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या जेरी सिगेल आणि जो शूस्टर या दोघांनी 1938 मध्ये त्याचे सगळे हक्क 130 डॉलरला विकले. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, हलाखी आली, आणि 1975 मध्ये वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर कंपनीनं वर्षाला 20,000 डॉलरचं पेन्शन आणि निर्माते म्हणून नाव द्यायचं कबूल केलं. बॅटमॅनचं तर त्याहून वाईट. 1939 पासून निर्माता म्हणून एकट्या बॉब केनचं नाव. त्या पात्राचा पोशाख, स्वभाव, गोष्टी यांत ज्याचा सिंहाचा वाटा होता तो बिल फिंगर 1974 मध्ये वारला, आणि त्याचं नाव अधिकृतपणे बॅटमॅनच्या निर्मितीशी जोडलं गेलं 2015 मध्ये. म्हणजे लिख्टेनस्टाईन आला तेव्हा घर आधीच लुटलेलं होतं. कंपनीनं चित्रकाराचं नाव छापलंच नाही, मग चित्रकारानं ते कुठून घ्यायचं, असा एक युक्तिवाद केला जातो. मला तो पटत नाही. आधीच्यानं नाव पुसलं म्हणून नंतरच्याचा हात आपोआप स्वच्छ ठरत नाही.

आपल्याकडची स्थिती बरी म्हणावी तर बरी. अनंत पै यांनी 1967 मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. त्या पुस्तिकांत चित्रकाराचं नाव असायचं, बारीक अक्षरात का होईना. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही त्यांतली मराठी नावं. आपल्या डोक्यातला कृष्ण, आपल्या डोक्यातला पुराणकाळ यांच्या हातचा आहे. तरी 'अंकल पै' देशभर ठाऊक आणि वाईरकर कोण म्हटलं की समोरचा डोकं खाजवतो. सुपंडी सगळ्यांना माहीत, त्याचा तो लांबुळका चेहरा वाईरकरांनी काढला हे सांगावं लागतं. शिकारी शंभूच्या डोळ्यांवर टोपी ओढणारा हात वसंत हळबे यांचा, हेही सांगावं लागतं. उलट उदाहरणही मराठीतच आहे. 'सकाळ'मध्ये 1991 पासून चिंटू येऊ लागला आणि चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर ही दोन नावं त्याच्याबरोबर घरोघरी गेली. तीन-चार चौकटींच्या पट्टीत दोन नावं मावली, त्यासाठी चिंटूला एक इंचही जागा कमी पडली नाही.

आता कोल्हापूरचं. या विषयावर बोलायचा आपला अधिकार थोडा जास्त आहे आणि जबाबदारीही. उच्च कला आणि बाजारी कला असे दोन वेगळे खोपे या गावानं कधी फारसे मानले नाहीत. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, गाव त्यांना पेंटर म्हणू लागलं आणि तेच आडनाव झालं. परदेशी यंत्रं न्याहाळून त्यांनी देशी कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले, बाबूरावांनी काम तडीस नेलं, आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. तेच बाबूराव आपल्या चित्रपटांची पोस्टरं रंगवत, तेच पुतळे घडवत.  पडदा हलका आणि तैलचित्र भारी असला भेद त्या माणसाच्या मनात असेल असं वाटत नाही. आणि बघून करणं, उतरवून घेणं, याची इथं कधी लाज नव्हती. चित्रकला शिकायची तर आधी गुरूच्या चित्राची नक्कल, हा कलाशाळेतला रोजचा पाठ. म्हणून 'उसनं घेणंच पाप' असं ओरडणाऱ्यांच्या बाजूनं मला उभं राहता येत नाही. ते खरं मानलं तर या गावाचा अर्धा कलेतिहास धुऊन काढावा लागेल.

सिनेमाच्या पोस्टरांचंच घ्या. कोल्हापूरच्या चित्रकारांनी वीस-वीस फुटी बॅनर रंगवले ते बहुतेक वेळा स्टील फोटोवरून, म्हणजे सिनेमातल्या दृश्याच्या स्थिर फोटोवरून. फोटोवर चौकोन आखायचे, तेच चौकोन कापडावर मोठे आखायचे आणि चेहरा उतरवायचा. लिख्टेनस्टाईनचा प्रोजेक्टर आणि आपले चौकोन यांत तत्त्वाचा फरक काही नाही. आपल्या रंगाऱ्यानं रंग बदलले, नायिकेचे डोळे मोठे केले, खलनायकाच्या गालावर हिरवी झाक मारली, आणि कोपऱ्यात झोकदार सही ठोकली. ती त्याच्या हक्काचीच होती. पण ज्यानं तो स्टील काढला त्या फोटोग्राफरचं नाव? ते आपणही कधी विचारलं नाही. म्हणजे अमेरिकेकडं बोट दाखवताना तीन बोटं आपल्याच कोल्हापूरच्या बिंदू चौकाकडं वळतात हे मान्य करूनच पुढं बोलायला हवं.

फोटोवरून आठवण झाली, या बाबतीतला अलीकडचा सर्वांत बोलका खटला फोटोचाच आहे. लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफरनं 1981 मध्ये प्रिन्स या गायकाचा फोटो काढला. 1984 मध्ये एका मासिकानं तिला 400 डॉलर दिले, एकदाच वापरायच्या बोलीवर, आणि तिचं नाव छापलं. त्या फोटोवरून वॉरहॉलनं चित्र केलं. पण वॉरहॉल एकावर थांबला नाही, त्यानं त्याची मालिकाच केली. 2016 मध्ये प्रिन्स वारला तेव्हा त्याच मासिकाच्या कंपनीनं मालिकेतलं दुसरं चित्र मुखपृष्ठावर घेतलं आणि वॉरहॉलच्या संस्थेला सुमारे दहा हजार डॉलर मोजले. गोल्डस्मिथला पैसा नाही, नावही नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन अशा बहुमतानं तिच्या बाजूनं कौल दिला. वॉरहॉलनं चित्रात किती बदल केला यावर वकिलांनी पानंच्या पानं खर्ची घातली. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं: 1984 मध्ये जे सहज जमलं होतं, ते 2016 मध्ये कुणालाही करावंसं वाटलं नाही.

बदल किती झाला, या प्रश्नावरच सगळी चर्चा अडकते आणि ती कधी संपत नाही, कारण बदल मोजायचा तराजू कुणाकडंच नाही. वीस टक्के की ऐंशी टक्के? मित्र आणि होडी काढली म्हणजे किती टक्के? नावाचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे. तुम्ही कुणाचं बघून केलं? हो किंवा नाही. हो असेल तर लिहा. उसनवारी चांगली झाली की वाईट, थोर झाली की टाकाऊ, हे बघणारा ठरवेल, पण आधी उसनवारी आहे एवढं त्याला कळू तर द्या. 'ड्राउनिंग गर्ल'शेजारी अब्रुझ्झोची चौकट लावली तर लिख्टेनस्टाईन लहान होत नाही. मला तर तो तेव्हाच मोठा दिसला. काय खोडलं हे कळल्याशिवाय खोडणाऱ्याचं कसब कळणार कसं?

कायदा या बाबतीत आपल्याकडं वाटतो तितका लंगडा नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत काढलेल्या चित्राचा पहिला हक्कदार साधारणपणे नोकरी देणाराच असतो, हे खरं. पण त्याच कायद्याचं 57 वं कलम सांगतं की हक्क विकले तरी 'हे मी केलं' असं सांगण्याचा निर्मात्याचा हक्क त्याच्याकडंच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भलंमोठं भित्तिशिल्प सरकारनं 1979 मध्ये उखडलं. खटला चालत राहिला आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं याच कलमाच्या आधारे अवशेष परत करायला आणि 5 लाख रुपये द्यायला लावले. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही. तेव्हा 'पैसे दिले, विषय संपला' हे निदान कागदावर तरी आपल्याकडं चालत नाही. कागदावरचं रस्त्यावर येत नाही, कारण कॉमिकच्या एका चौकटीसाठी किंवा एका पोस्टरसाठी कोर्टाची पायरी चढणं कुणालाच परवडत नाही. म्हणून मी कायद्यापेक्षा रिवाजाच्या भरवशावर आहे.

आणि रिवाज म्हटलं की डिजिटल आलंच. बाहेरगावच्या वाचकांसाठी: कोल्हापुरात फ्लेक्सच्या बोर्डाला डिजिटल म्हणतात आणि इथं माणसाच्या बारशापासून बैलाच्या वाढदिवसापर्यंत कशाचंही डिजिटल लागतं. शिवजयंतीच्या आधी कुठल्याही डिजिटलच्या दुकानात तासभर बसा. कार्यकर्ता मोबाइलवर एक चित्र घेऊन येतो. घोड्यावरचे महाराज, मागं सह्याद्री, ढगांतून फुटलेला उजेड. कुणा तरुण चित्रकारानं टॅबवर रात्री जागून केलेलं काम. खाली उजवीकडं त्याची सही किंवा इन्स्टाग्रामवरचं नाव. ऑपरेटर ते चित्र उघडतो, सहीवर शेजारचा दगड ओढून आणतो, दोन मिनिटांत सही दगडाखाली. अगदीच घाई असेल तर दगडसुद्धा लागत नाही, त्याच कोपऱ्यावर नेत्याचा गॉगलवाला फोटो बसतो. मग नावं सुरू होतात. मार्गदर्शक, आधारस्तंभ, संकल्पना, सौजन्य, आणि खाली चार रांगांत चाळीस शुभेच्छुक, प्रत्येकाचा गोल फोटो. एखाद्याचं राहिलं तर रात्री अकराला फोन येतो आणि बोर्ड परत छापला जातो. सगळ्यात खाली डिजिटलवाल्याचा मोबाइल नंबर. जगात ज्याचा ज्याचा त्या बोर्डाशी संबंध असू शकतो त्या प्रत्येकाचं नाव तिथं असतं. नसतं ते फक्त चित्र काढणाऱ्याचं.

नावाचं मोल आपल्याला कळत नाही असं कसं म्हणायचं? इतकं कळतं की त्यावरून मारामाऱ्या होतात. आपण फक्त चित्र काढणं हे नाव देण्याजोगं काम मानत नाही.

सरकारी कचेऱ्यांत शिवाजी महाराजांचं जे अधिकृत चित्र लागतं ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचं. ते सिनेमाची पोस्टरं रंगवणारे चित्रकार होते. ज्याला कलासमीक्षक बाजारी म्हणून नाक मुरडतात त्या कामातून घडलेला हा हात, आणि महाराष्ट्रानं आपला राजा त्याच्या डोळ्यांनी बघितला. दाखला काढायला गेलात की खुर्चीमागच्या त्या चित्राकडं बघून शेजारच्याला विचारा, कुणी काढलंय. मी विचारून बघितलंय. "सरकारनं," असं उत्तर मिळालं.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय, हा प्रश्न आता कुणी तरी विचारणारच. 2025 च्या मार्चमध्ये सगळं जग एका जपानी स्टुडिओच्या शैलीत स्वतःचे फोटो करून घेत होतं, आपल्याकडंही लग्नाच्या अल्बमपासून म्हशीपर्यंत सगळं त्या शैलीत झालं. इथं नाव कुणाचं घ्यायचं? यंत्रानं लाखो चित्रं गिळलीत, कुणाची गिळली हे ते सांगत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं 2023 मध्ये एका कॉमिकच्या बाबतीत निर्णय दिला: मजकूर आणि चौकटींची मांडणी लेखिकेची, पण यंत्रानं काढलेली चित्रं कुणाचीच नाहीत. निर्णय तर्कशुद्ध आहे, तरी त्यातलं 'कुणाचीच नाहीत' मला खटकतं. यंत्र ज्यांच्यावर पोसलं ते सगळे कुणीतरी होते. पण हा वाद आपल्या हातातला नाही, मोठ्या कंपन्यांच्या आणि मोठ्या कोर्टांच्या हातातला आहे. त्याचा आडोसा करून हातातलं काम टाळू नये. यंत्रानं लाखोंची नावं पुसली म्हणून आपण समोरच्या एकाचं नाव पुसायला मोकळे झालो, असा हिशेब आत्ताच काही जण मांडू लागलेत.

हातातलं काम म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडं प्रदर्शनात चित्राखाली चिठ्ठी लागते: नाव, माध्यम, आकार, किंमत. त्यात आणखी एक ओळ, 'मूळ प्रतिमा'. ज्या चित्रात दुसऱ्याचं कॉमिक, फोटो, कॅलेंडर, पोस्टर ओळखू येण्याइतपत आलंय तिथं ती ओळ भरायची. नाहीतर चित्र लावायचं नाही, इतका कडक नियम आयोजकांनी करावा. कलाशाळांत पॉप आर्ट, म्हणजे बाजारातल्या प्रतिमा उचलून केलेली ही कला, शिकवताना लिख्टेनस्टाईनच्या स्लाइडबरोबर नोविक आणि अब्रुझ्झोच्या चौकटी दाखवाव्यात, आजच्या घडीला त्या शोधायला दहा मिनिटंही लागत नाहीत. त्या सापडतात याचं श्रेय प्रामुख्यानं डेव्हिड बार्सालू या अमेरिकन कलाशिक्षकाचं. वर्षानुवर्षं जुने कॉमिक धुंडाळून त्यानं लिख्टेनस्टाईनच्या एकेका चित्राचं मूळ हुडकून काढलं. कुठल्या म्युझियमनं हे काम त्याला सांगितलेलं नव्हतं.

शोधूनही नाव नाही सापडलं तर? मग चिठ्ठीवर लिहायचं: मूळ चित्रकार अज्ञात, इंद्रजाल कॉमिक्स, अंक अमुक, पान तमुक. 'अज्ञात' लिहिलं तरी तिथं कुणीतरी होता एवढी कबुली राहते, आणि कधीतरी एखादा वाचक येऊन ती जागा भरून जातो. उद्या ओळ भरायला लागली म्हणून चित्रकारांची कल्पनाशक्ती आटेल ही भीती मला पोकळ वाटते. आपल्याकडं गायक ठुमरीच्या आधी सांगतो की ही बंदिश अमुक गुरूंची, आणि मग तासभर तिच्यात स्वतःचं काय काय करतो. कुणी त्याला कमी लेखत नाही.

डिजिटलवाल्यांकडून एक अडचण नेहमी पुढं येते: गिऱ्हाईक ऐकत नाही, बोर्डावर जागा नसते. गिऱ्हाइकाचं खरं असेल. जागेचं खरं नाही. एकेचाळिसावा शुभेच्छुक रात्री अकराला आला तरी ती होतेच, आणि डिजिटलचा दर स्क्वेअर फुटावर असतो, एक नाव वाढलं म्हणून कुणी जादा पैसे मागत नाही.